टांगलेल्या झाडाचं वजन

सोमवारी सकाळपासून सुन्नाचं बूड खुर्चीला टेकलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोर बसायची, चार ओळी वाचायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. कॉफीचं भांडं तिनं तीनदा चढवलं आणि तीनदा विसरली. आपल्याच मॉडेलमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या बर्फाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती चूक शोधत होती. चुका शोधणं हे तिचं रोजचंच काम, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की चूक सापडावी म्हणून ती मनातल्या मनात गयावया करत होती. माणूस असा गयावया करायला लागला की त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आकडा होता छत्तीस. पोर्तिवाराच्या डोंगरावर हिवाळाभर जे बर्फ पडतं, त्यातले शंभरातले छत्तीस भाग जुन्या स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांच्या, फांद्यांवर अडकतात आणि जमिनीवर न येता, पाणी न होता, कापरासारखे परस्पर हवेत उडून जातात, असं तिचं मॉडेल म्हणत होतं. डोंगराखाली नदी, नदीवर धरण, आणि धरणाला वसंतात पाणी हवं. म्हणून वनकचेरीनं योजना आखली होती. झाडं तिसाहून जास्त भाग बर्फ उडवत असतील, तर उत्तरेचा उतार विरळ करायचा, म्हणजे तिनातली दोन झाडं पाडायची. तिसाच्या आत असेल, तर उताराला हात लावायचा नाही. गुरुवारी गावच्या सभागृहात सुनावणी होती आणि त्यासाठी कचेरीची कारिता नावाची अधिकारी दक्षिणेतून येणार होती.

उत्तरेचा उतार म्हणजे सुन्नाच्या मामाची, आंतारसची, हिवाळी चराई. कागदावर तो सरकारचा. पण चार पिढ्या त्यांच्या घरची रेनडिअर तिथेच हिवाळा काढत आली होती. जमिनीवरचं बर्फ कडक झालं, खुरांनी उकरता येईनासं झालं, की जनावरं मान वर करून झाडांवरचं लुप्पो खातात. लुप्पो म्हणजे फांद्यांवरून लोंबणारी काळपट दाढी, आपल्या दगडफुलाच्याच जातीची. ती तरण्या झाडांना येत नाही. दीडदोनशे वर्षं उभ्या राहिलेल्या स्प्रूसलाच ती धड येते, आणि असे स्प्रूस आता फक्त त्या उतारावर उरले होते.

सुन्नाचा आकडा खरा असेल तर मामाचं जंगल जाणार होतं. आकडा तिचा, जंगल मामाचं. मग बूड टेकेल कसं?

या आकड्याच्या मुळाशी एक झाड होतं. मामाच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर कुंपण घातलेलं मोजणीचं ठाणं होतं. तिथे लोखंडी तिकाटण्याला एक अख्खा स्प्रूस बुंध्यापासून कापून टांगलेला होता. वर वजनकाटा. बर्फ पडलं की झाड जड होतं, बर्फ उडालं की हलकं होतं, आणि काटा दर दहा मिनिटांनी ते लिहून ठेवतो. झाड वरखाली करायला चरखी होती, तिला हातानं फिरवायचा दांडा होता. गेल्या सप्टेंबरात ते झाड निवडून दिलं होतं आंतारसनंच. "हे घे," तो म्हणाला होता, "अख्ख्या डोंगरात याच्याएवढी दाढी कुणाला नाही. मेल्यावर तरी कामाला येऊ दे." झाड चढवताना चरखीचा दांडाही त्यानंच फिरवला होता.

दुपारी तिनं रेइमाला फोन लावला. रेइमा ठाण्यावरचा तंत्रज्ञ, तारा आणि काटे सांभाळणारा, तोंडाचा फटकळ.

"काटा बिघडला होता का रे मधे? फेब्रुवारीत?"

"अगं, काटा दर आठवड्याला बिघडतो. उणे पस्तीसला तूसुद्धा बिघडतेस. का?"

"तीन दिवस सापडलेत. तिन्ही दिवशी तासाभरासाठी वजन शून्याजवळ."

"मग तुझ्या प्रोग्रामनं उडवले असतील ते. तूच तर फुशारकी मारत होतीस, भोकं आपोआप बुजवतो म्हणून."

मारली होती फुशारकी, तीन वर्षांपूर्वी. अडीचशे किलोचं झाड तासाभरात शून्य किलोचं कसं होईल? काटाच खोटा बोलतोय. म्हणून असा आकडा दिसला की तो अख्खा दिवस टाकून द्यायचा आणि आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत सरळ रेघ मारायची. अशी शेकडो भोकं त्या प्रोग्रामनं बिनबोभाट बुजवली होती आणि सुन्नानं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आता तिनं त्या तीन रेघा मोठ्या करून पाहिल्या. तिन्ही उतरत्या होत्या. भोकाच्या अलीकडे झाड जड, पलीकडे हलकं. मॉडेलला भोक दिसत नव्हतं, नुसता उतार दिसत होता, आणि मॉडेल इमानदारीत म्हणत होतं की बर्फ उडालं.

"रेइमा, झाड जमिनीवर टेकवलं तर काटा शून्य दाखवेल ना?"

"दाखवेल," रेइमा म्हणाला. "पण ते टेकवायला कोण तडफडायला जाणार तिथे?"

मंगळवारी ती फावडं घेऊन ठाण्यावर गेली. एप्रिलचं ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं. गॉगल चढवायचाही तिला धीर नव्हता. आधी तिनं झाडाकडे पाहिलं. सप्टेंबरात हे झाड म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखं दिसत होतं. आता खालच्या निम्म्या फांद्या स्वच्छ होत्या, भादरल्यासारख्या. हिवाळाभर बर्फानं लपेटलेल्या होत्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती स्वतः चार वेळा येऊन गेली होती. चारही वेळा तिनं काटा पाहिला होता, झाड पाहिलंच नव्हतं.

झाडाच्या बाजूला तिनं जमिनीपर्यंत खड्डा खणला. या कामाची ही जुनी रीत. बर्फाची भिंत सरळ कापायची आणि हिवाळा वरून खाली वाचत जायचा. वर मार्चचं मऊ बर्फ. त्याखाली फेब्रुवारीचं. त्याखाली जानेवारीच्या त्या मेल्या पावसाचा थर, काचेसारखा, फावड्याला खणखणणारा. ऐन थंडीत पाऊस पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळा मुलूख बर्फाच्या कवचाखाली गेला होता. त्या कवचाच्या वर, फेब्रुवारीच्या थरात, एक तुडवलेला पट्टा होता, फांद्यांवरून झटकून पडलेल्या बर्फाचा दाबून घट्ट झालेला ढीग होता, आणि त्यात लेंड्या होत्या. चार बोटांवर पुन्हा लेंड्या. अजून वर पुन्हा.

तीन थर, तीन दिवस.

सुन्ना खड्ड्यातच बसली. चूक सापडली होती. आनंदानं उडी मारावी असा क्षण, आणि ती नुसती चरखीकडे पाहत राहिली. चरखीचा दांडा कसा फिरवायचा हे ठाण्याबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं.

आणि नुसती चूक सापडून भागणार नव्हतं. झटकून पडलेलं बर्फ ढिगात होतं, ते मोजता येत होतं. पण लुप्पो पोटात गेलं होतं, आणि त्याचंही वजन मॉडेलनं उडालेलं बर्फ म्हणूनच धरलं होतं. किती गेलं? एक भुकेलं जनावर एका वेळी साधारण किती खातं हे तिला ठाऊक होतं. वेळा तीन, हे बर्फच सांगत होतं. उरलं एकच. जनावरं किती होती?

पोर्तिवारात तुम्ही माणसाला काहीही विचारू शकता. बायको का सोडून गेली, तुरुंगात कशापायी गेलास, दातांची कवळी कितीला पडली, खुशाल विचारा. पण तुझी रेनडिअर किती, हे विचारायचं नाही. सख्ख्या भावानं भावाला विचारायचं नाही. दुसऱ्याच्या वाड्याजवळून जाताना मान आपोआप दुसरीकडे वळते, डोळ्यांनीसुद्धा मोजायचं नाही. सुन्ना सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं एकदा, मामालाच, भर जेवणात. आईनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं होतं, आणि तिच्या कानशिलाला तो दिवस अजून आठवत होता.

तरी ती बुधवारी मामाकडे गेली. घराकडे वळताना उजव्या हाताला वाडा होता, कुंपणाला ताडपत्र्या बांधलेल्या. पूर्वी ताडपत्र्या नसायच्या. तिनं मान डावीकडे ठेवली आणि सरळ दारात गेली.

आंतारसनं कॉफी ओतली, इथल्या रीतीप्रमाणे तिच्या कपात भाजक्या चीजचे तुकडे टाकले, पुढ्यात सुकं मांस आणि सुरी ठेवली. सत्तरीला आलेला माणूस, कंबरेनं अधू झालेला, पण हात अजून दोरखंडासारखे.

"वाळलीस," तो म्हणाला. "तुझा कॉम्प्युटर तुला खायला घालत नाही वाटतं."

"मामा, उद्या सुनावणी आहे."

"माहितीय. माझं जंगल तुझ्या आकड्यानं पडणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहितीय. चीज घे."

"मी ठाण्यावर खड्डा खणला काल."

आंतारस मांस कापत राहिला.

"लेंड्या सापडल्या. तीन थरांत. आणि झाडाची दाढी गेलीय."

"खोकडानं खाल्ली असेल."

"खोकड लुप्पो खातं?"

"जानेवारीत पाऊस पडतो, तिथे खोकड काय खाईल ते कुणी सांगावं."

"खोकडाला चरखी फिरवता येते?"

तिला हसू येत होतं आणि रडूही. त्यानं सुरी खाली ठेवली. खिडकीतून ताडपत्र्या दिसत होत्या. तो तिकडे पाहत होता आणि ती कटाक्षानं कपात.

"समजा," तो म्हणाला, "समजा एखाद्या माणसाचं कंबरडं मोडलंय. वरच्या उतारापर्यंत त्याला जाववत नाही. स्नोमोबिल मेलंय. दारात जनावरं भुकेनं पाय घासतायत आणि अर्ध्या किलोमीटरवर एक मेलेलं झाड टांगलंय, दाढीसकट. नुसता दांडा फिरवायचा अवकाश. तर त्या माणसानं काय करावं?"

"फिरवावा."

"मग तुझं म्हणणं काय?"

"त्या माणसानं उद्या सभागृहात येऊन सांगावं, एवढंच."

"काय सांगावं? दांडा फिरवला म्हणून? सांगेल तो. घाबरतो की काय कुणाला."

"तेवढ्यानं भागत नाही, मामा."

विचारायचा प्रश्न तिनं विचारला नाही. त्यालाही कळलं. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू आत ओढलं गेलं.

मग तो म्हणाला, "किती म्हटलं म्हणजे तुझं काम होईल?"

हाच प्रश्न येणार हे तिला वाटेतच कळलं होतं. गाडी चालवताना तिच्या डोक्यात तो पाढा फिरत होता. एक असेल तर चौतीस. दोन असतील तर साडेएकतीस, झाडं पडणार. चार असतील तर सत्तावीस, झाडं वाचणार. सहाच्या वर मात्र काहीच खरं नाही, कारण तेवढं लुप्पो त्या झाडावर नव्हतंच, आणि मामानं अभिमानापायी वीस-तीस ठोकून दिली तर त्याची सगळी साक्षच खोटी पडणार.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"भाची आहेस ना माझी?"

"म्हणूनच. मी सांगितलं तर तू तेवढंच म्हणशील. मग तो आकडा तुझा नसेल, माझा असेल."

आंतारस उठला, तिचा अर्धा प्यालेला कप उचलून मोरीत रिकामा केला. असं त्यानं उभ्या आयुष्यात कुणाला केलं नव्हतं. "तुझ्या आईनं तुला शिकायला धाडलं तेव्हाच मी म्हणालो होतो, ही पोरगी परत येईल ती आमची मोजदाद करायला येईल. जा आता."

गेली. जाताना वाडा डाव्या हाताला आला, तिनं मान उजवीकडे ठेवली.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. रेनडिअर पाळणाऱ्यांच्या मंडळाचे लोक मागच्या बाकांवर, टोप्या गुडघ्यांवर ठेवून. मंडळाचा प्रमुख वेइक्को पुढे. एका बाजूला धरणाची दोन माणसं. मध्ये कारिता, पन्नाशीची, नीटनेटकी, गोड बोलणारी, समोर कागदांचा गठ्ठा. आंतारस कुठे दिसत नव्हता. सुन्नाला उभं राहवेना आणि बसवेना. तिनं बोलायला सुरुवात केली.

"आधी हे सांगते की उत्तरेच्या उताराशी माझं नातं आहे. आंतारस माझा मामा. मी जे सांगणार आहे ते त्याच्या फायद्याचं आहे, तेव्हा कान टवकारूनच ऐका. छत्तीस हा माझा आकडा चुकीचा आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. भोकं, रेघा, भादरलेल्या फांद्या, खड्डा, लेंड्या. भिंतीवर फोटो दाखवले. लेंड्या मोठ्या होऊन पडद्यावर आल्या तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आंतारस मधेच केव्हातरी येऊन दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला होता. सुन्नानं त्याला पाहिलं आणि पुढचा फोटो लावला.

धरणाच्या माणसांपैकी एक म्हणाला, "काटा थंडीत बिघडतो हे सगळ्यांना माहीत आहे. आणि जंगलात लेंड्या असणारच. सुनावणीच्या दोन दिवस आधी बरोब्बर चूक सापडावी, हे जरा सोयीचं नाही का?"

"सोयीचं आहे," सुन्ना म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं."

कारितानं चष्मा काढला. "बरं, जनावरांनी खाल्लं असं धरू. पण खाल्लं किती, यावर सगळं आहे ना? थोडं खाल्लं असेल तर आकडा तिसाच्या वरच राहील. मग प्रश्न साधा आहे." तिनं खोलीभर पाहिलं, अगदी निर्मळ मनानं. "जनावरं किती होती?"

सभागृहात कुणी हललं नाही. टोप्या गुडघ्यांवर होत्या तशाच. एका म्हाताऱ्यानं खाली पाहिलं, मग शेजारच्यानं, मग सगळ्या बाकांनी. कारिता गोंधळली. आपण काय विचारलं, हे त्या बिचारीला कळायला मार्ग नव्हता.

वेइक्को खाकरला. "लिहा की, पुष्कळ होती."

"पुष्कळ हा आकडा होत नाही हो."

"इथे होतो," वेइक्को म्हणाला.

"मी तो मॉडेलमध्ये कसा घालू?" कारितानं सुन्नाकडे पाहिलं. "सुन्ना, तुम्ही विचारा ना त्यांना. तुमचेच मामा आहेत."

विचारलं तर कदाचित जंगल वाचेल आणि मामा जाईल. न विचारलं तर जंगल नक्की जाईल. सहा वर्षांची असताना जो दंड आईनं पकडला होता, तो दुखायला लागला. खरंच दुखायला लागला. ती म्हणाली, "मी नाही विचारणार."

धरणाच्या माणसानं वही मिटली. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"चार."

आंतारस भिंतीपासून सुटून उभा होता. टोपी काढलेली, हातात धरलेली.

"तीनदा नेली. फेब्रुवारीच्या बाराला, चौदाला आणि सतराला, सकाळी. झाड खाली घेतलं, फांद्या झटकल्या, पोटभर खाऊ दिलं, परत वर चढवलं. चारही नेली."

वेइक्को घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे वाड्यात होती त्यांतली चार. बाकीची वर डोंगरावर, आमच्या कळपाबरोबर—"

"वेइक्को, गप रे," आंतारस म्हणाला. "वर कुणी नाही. जानेवारीच्या पावसानं नेली. आहेत ती चार. तीनदा नेलेलीही चार आणि आहेत तीही चार." त्यानं सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, पण वर बघायला कुणी तयार नव्हतं. "जूनमध्ये पाडसांच्या कानांना खुणा करताना कळणारच होतं तुम्हाला. दोन महिने आधी कळलं, एवढंच."

तो वीस म्हणू शकला असता. तीस म्हणू शकला असता, आणि त्या खोलीत कुणी त्याला खोटं पाडलं नसतं. एका तिच्याशिवाय. त्याला ठाऊक नव्हतं की चार पुरे आहेत. कमी पडतील असंच त्याला वाटत असणार. तरी त्यानं चारच म्हटलं होतं.

"सुन्ना?" कारिता आता हळू आवाजात बोलत होती. काहीतरी तिच्याही ध्यानात आलं होतं.

सुन्नानं आकडा घातला. बोटं दोनदा चुकली. मॉडेल चालायला दोन मिनिटं लागतात. मग पडद्यावर सत्तावीस उमटलं.

कारितानं ते वहीत उतरवलं, हिशेबाचे कागद मागून घेतले, फोटो पुन्हा पाहिले, धरणाच्या माणसांना काही शंका आहेत का विचारलं. त्यांनी अर्धा तास शंका काढल्या. सुन्नानं एकेकीला उत्तर दिलं. शेवटी कारिता म्हणाली की या आकड्यावर तोड मंजूर होत नाही, उतार आहे तसा राहील. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून उठले आणि आंतारसच्या जवळून जाताना भलतंच बोलत गेले, नदीवरचं बर्फ यंदा लवकर पातळ होतंय, वेइक्कोच्या कुत्रीनं पिल्लं घातली. त्यांच्यापाशी द्यायला तेवढंच होतं.

सुन्ना बाहेर आली तेव्हा मामा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. ती बाजूला उभी राहिली. बसायची हिंमत झाली नाही.

"अहवालात काय लिहिणार?" तो नाडीकडे पाहत म्हणाला. "तो छापतात ना? कुणीही वाचतं?"

"हो."

"मग?"

तिनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. त्यानं ती लांब धरून वाचली. 'मोजणीच्या झाडावरून जनावरांनी खाल्लेलं लुप्पो: चौदा किलो.' पुढे तारखा. बस्स.

"किलोच?"

"किलोच."

"आणि कुणी बसून भागाकार केला तर?"

"इथलं कुणी करणार नाही."

"ती बाई करेल."

"ती दक्षिणेची आहे, मामा. तिनं मोजलेलं इथे कुठे धरतात?"

त्याच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. कंबरेवर हात ठेवून तो उठायला लागला. सुन्नानं हात पुढे केला. त्यानं तो आधी पाहिला, मग धरला. तसाच हात धरून दोघं गाडीपर्यंत आली. दार उघडून त्यानं तिला आत बसू दिलं, आणि मग खिडकीच्या काचेवर दोन बोटं वाजवली. तिनं काच खाली केली.

"चारांतल्या दोघी गाभण आहेत," आंतारस म्हणाला.

तिनं विचारलं नव्हतं. यावर काय बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"जूनमध्ये ये," तो म्हणाला. "सुरी घेऊन ये. खुणा करायला माणूस लागेल."